बेवड आणि मातीतले जीव : विना-नांगरणी शेतावरच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२४

प्लॉटची मांडणी आज पक्की झाली. ही जमीन कित्येक वर्षं नांगरलेली नाही. काढणी झाली की काड, धसकट, पाचोळा जागेवरच राहतो आणि पुढची पेरणी झिरो-टिल यंत्राने थेट त्या थरातून होते. अशा जमिनीत पिकांची फेरपालट केली की मातीतल्या सूक्ष्मजीवांचं नेमकं काय बदलतं, ते बघायचं आहे.

पीकक्रम चार घेतले. 'क'मध्ये दरवर्षी मका आणि त्यावर गहू, म्हणजे तृणधान्यावर तृणधान्य. 'ख'मध्ये दरवर्षी सोयाबीन-गहू. 'ग' दोन वर्षांचा: एका वर्षी सोयाबीन-गहू, दुसऱ्या वर्षी मका-हरभरा. 'घ' तसाच, फक्त हरभऱ्याच्या जागी मोहरी. तुलनेसाठी मका-गहू क्रमाचा एक नांगरलेला प्लॉट. 'ग' आणि 'घ' यांची दोन्ही वर्षं एकाच वेळी शेतात उभी राहतील अशी सोय केली, म्हणून एका संचात सात प्लॉट. चार संच मिळून २८.

दोन्ही वर्षं एकाच वेळी उभी करायला जागा आणि कष्ट दुप्पट लागतात, पण त्यावर मी अडून बसलो. हरभऱ्याच्या प्लॉटमधली माती गव्हाच्या प्लॉटमधल्या मातीशी ताडून 'फेरपालटीने जिवाणू वाढले' म्हणणं सोपं आहे. त्यात आज उभ्या असलेल्या हरभऱ्याच्या मुळांनी काय केलं आणि आधीच्या पिकांनी काय मागे ठेवलं, हे वेगळं काढताच येत नाही. मला बेवड, म्हणजे मागच्या पिकाने जमिनीत ठेवलेला परिणाम, मोजायचा आहे. त्यासाठी आजचं पीक सगळीकडे तेच हवं आणि मागचं वेगळं हवं. येत्या नोव्हेंबरात 'ख', 'ग' आणि 'घ' या तिन्ही क्रमांत सोयाबीनवरचा गहू उभा असेल. फरक असेल तो फक्त सोयाबीनच्याही आधी काय होतं याचा. 'क'मध्ये गहूच, पण मक्यावरचा. अशी तुलना मिळाली तरच पुढच्या आकड्यांना अर्थ आहे.

विना-नांगरणीत फेरपालट हा ऐच्छिक भाग नाही, हे उत्पादनाच्या बाजूने बऱ्यापैकी सिद्ध झालं आहे. २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये ६१० अभ्यासांतल्या ५,४६३ तुलनांचा एकत्रित आढावा आला होता. नुसती नांगरणी थांबवली तर उत्पादन सरासरी घटतं. काड राखलं आणि फेरपालटही केली तर ही घट बरीच भरून निघते, आणि कोरड्या हवामानातल्या पावसावरच्या शेतीत उलट वाढही दिसते. हे का होतं, याच्या उत्तराचा मोठा भाग जमिनीखाली आहे.

१४ जून

पेरणीआधीचे पहिले नमुने. थर तीन: ०-५, ५-१५ आणि १५-३० सेंमी. नांगरलेल्या जमिनीत १५ सेंमीचा एकच नमुना चालून जातो, कारण नांगर सगळं वरखाली करतो. इथे तसं केलं तर वरच्या पाच सेंमीत जे घडतंय ते खालच्या मातीच्या सरासरीत बुडून जातं. विना-नांगरणीत अन्न वरून येतं आणि वरच राहतं, त्यामुळे जीवही थरांनी राहतात.

काडाचा थर हाताने अलगद बाजूला केला की हे डोळ्यांनी दिसतं. सगळ्यात वर राखाडी, कोरडं, अजून कडक काड. त्याखाली तपकिरी, लिबलिबीत, बोटांनी दाबलं तर फुटणारं. आणि त्याच्याही खाली, जिथे काड संपतं आणि माती सुरू होते ती सीमाच सापडत नाही: पांढरे बारीक धागे काडातून निघून मातीच्या रव्यांत शिरलेले, रवे त्यांना लोंबकळलेले. 'ग'च्या प्लॉटमध्ये एक काडी उचलली तर तिच्याबरोबर बोटभर मातीचा तुकडा वर आला. मातीचा ओळखीचा वासही इथेच सगळ्यात तीव्र. तो जिओस्मिन या संयुगाचा, स्ट्रेप्टोमायसिससारखे ॲक्टिनोबॅक्टेरिया गटातले जिवाणू ते तयार करतात.

काडाचा थर मातीच्या नमुन्यात न मिसळता वेगळ्या पिशवीत घेतला. मिसळला असता तर प्रत्येक प्लॉटमध्ये किती काड आत आलं यावरच निकाल हलला असता.

दुसरी काळजी ओळींची. नांगर नसल्यामुळे मागच्या पिकाच्या ओळी आहेत तिथेच आहेत, आणि कुजलेल्या मुळांच्या पोकळ वाटा तशाच उघड्या आहेत. जुन्या ओळीवरची माती आणि दोन ओळींमधली माती या दोन वेगळ्या वस्त्या असतात. म्हणून प्रत्येक प्लॉटमधून निम्मे नमुने ओळीवरून, निम्मे मधल्या जागेतून. दर प्लॉटनंतर ऑगर (माती काढायचं हत्यार) अल्कोहोलने पुसला. सगळं बर्फाच्या पेटीत. आल्यावर २ मिमीच्या चाळणीतून चाळून, डीएनएचा भाग उणे ८० अंशांवर आणि बाकीचा ४ अंशांवर.

२२ जून

सूक्ष्मजीवांचा एकूण भार, म्हणजे त्यांच्या शरीरातला कर्ब, क्लोरोफॉर्म पद्धतीने मोजला. मातीचा एक भाग २४ तास क्लोरोफॉर्मच्या वाफेत ठेवायचा, पेशी फुटतात. मग तो आणि न धुरी दिलेला भाग, दोन्ही ०.५ मोलर पोटॅशियम सल्फेटमध्ये हलवून गाळायचे. दोन्हींतल्या कर्बाचा फरक ०.४५ ने भागला की जिवंत भाराचा अंदाज येतो. जुनी पद्धत आहे, कोणत्या प्रजाती आहेत हे ती सांगत नाही. पण 'किती' या प्रश्नाला ती सरळ उत्तर देते, आणि नंतर सिक्वेन्सिंगचे, म्हणजे डीएनए वाचून कोण आहे ते सांगणाऱ्या चाचणीचे, टक्के समोर आले की हे 'किती' हाताशी लागतंच.

अपेक्षेप्रमाणे विना-नांगरणीचे सगळे प्लॉट वरच्या थरात नांगरलेल्याच्या बरेच पुढे, मधल्या थरात जवळजवळ बरोबरीत आणि खालच्या थरात किंचित मागे. वरचा थर पाहून नांगरणी थांबवल्याने जीव वाढले म्हणायचं आणि खालचा थर पाहून घटले म्हणायचं, असं होऊ नये म्हणून दर चौरस मीटरचा हिशेबही मांडला. न नांगरलेली माती जास्त घट्ट असते. तेवढ्याच खोलीत तिचं वजन जास्त भरतं. त्यामुळे तुलना सारख्या खोलीची न करता सारख्या वजनाच्या मातीची केली. तसं केल्यावर विना-नांगरणीचा फायदा उरतो, पण वरचा थर एकटा पाहून वाटतो तेवढा मोठा नाही.

पीकक्रमांतला फरक या घडीला लहान आहे. वरच्या थरात 'ग' सगळ्यात वर, 'क' सगळ्यात खाली.

६ जुलै

मका आणि सोयाबीनची पेरणी झाली. तणनाशक मारणं आणि पेरणी यात दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवायचं, हे आम्ही आधीच ठरवलं होतं.

कारण रोगाचं आहे. नांगरणी नसली की तणं आणि आपोआप उगवलेली मागच्या पिकाची रोपं पेरणीच्या तोंडावर तणनाशकाने मारावी लागतात. मरणाऱ्या मुळांवर रायझोक्टोनियासारख्या बुरश्या आणि पिथियमसारखे बुरशीसदृश जीव तुटून पडतात, काही दिवस तिथे त्यांची संख्या उफाळते, आणि तेवढ्यात शेजारी नवं रोप उगवलं तर ते थेट त्यावर चालून जातात. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या विना-नांगरणी गव्हात रायझोक्टोनियाने पडणारे ओसाड पट्टे याच वाटेने वाढतात, आणि तिथला उपायही हाच: जुनी हिरवळ मारा, दोन-तीन आठवडे थांबा, मग पेरा. फेरपालटीला जे जमत नाही ते इथे अंतराला जमतं, कारण रायझोक्टोनियाचे काही प्रकार बऱ्याच पिकांवर जगतात. पीक बदललं म्हणून ते उपाशी राहत नाहीत.

१० ऑगस्ट

सोयाबीन फुलोऱ्यात. मुळं खणून गाठी पाहिल्या. गाठ ब्लेडने मधोमध कापली की आत लालसर गुलाबी रंग दिसला पाहिजे. तो लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे गाठ काम करते आहे. आतून हिरवट किंवा फिकट असेल तर ती थकली आहे किंवा आतले जिवाणू नत्र बांधणारे नाहीत. सोयाबीनच्या तिन्ही क्रमांतल्या गाठी आतून गुलाबी आहेत. 'ख'मध्ये, जिथे दरवर्षी सोयाबीन येतं, तिथे मुख्य मुळाच्या वरच्या भागात गाठींचे घोसच आहेत. 'ग' आणि 'घ'मध्ये त्या जरा विखुरलेल्या, पण कमी म्हणाव्यात अशा नाहीत. सोयाबीनच्या गाठींतले ब्रॅडीरायझोबियम जिवाणू पीक नसतानाही काही वर्षं मातीत तग धरतात, त्याला हे धरून आहे.

'फेरपालटीत एक डाळवर्गीय पीक घाला' असं सरसकट म्हटलं जातं. सूक्ष्मजीवांच्या बाजूने पाहिलं तर सोयाबीन आणि हरभरा यांचं घराणं वेगळं आहे. हरभऱ्याला मेसोरायझोबियम लागतात. सोयाबीनचे जिवाणू त्याच्या कामाचे नाहीत. शिवाय हरभऱ्याची मुळं सेंद्रिय आम्लं सोडतात, त्यांनी अडकलेला स्फुरद मोकळा होतो आणि मुळांभोवतीची वस्ती वेगळीच बनते. 'ख' आणि 'ग' या दोन्हींना 'डाळवर्गीय पीक असलेले क्रम' म्हणून एका खणात टाकायचं नाही, हे विश्लेषणाच्या आराखड्यात लिहून ठेवलं.

गाठींबद्दल आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती क्वचितच बोलली जाते. नत्र बांधताना नायट्रोजनेज हे विकर दर नत्र रेणूमागे निदान एक हायड्रोजन रेणू तयार करतं. गाठीतल्या जिवाणूंकडे तो हायड्रोजन परत वापरण्याची सोय नसेल, तर तो मातीत निसटतो, आणि गाठींच्या भोवतीच्या मातीत हायड्रोजन खाणारे जिवाणू वाढतात. सोयाबीननंतरच्या मक्याला भरपूर नत्र खत दिलं तरी तो मक्यावरच्या मक्यापेक्षा सरस येतो, हे जुनं निरीक्षण आहे. निव्वळ नत्राने ते सुटत नाही. हायड्रोजन हा त्याच्या स्पष्टीकरणाचा एक दुवा म्हणून मांडला गेला आहे. म्हणून गाठींलगतच्या मातीचा वेगळा नमुना घेतला.

२४ ऑगस्ट

आठवडाभर मायकोरायझाचं, म्हणजे मुळांशी भागीदारीने राहणाऱ्या बुरशीचं, काम. मुळांचे तुकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून पारदर्शक करायचे आणि मग व्हिनेगरमध्ये मिसळलेल्या साध्या पेनाच्या शाईने रंगवायचे. विषारी रंग लागत नाहीत, आणि बुरशी निळी ठसठशीत उठून दिसते. भिंगाखाली मूळ काचेसारखं, आणि त्याच्या पेशींत निळी झुडपं: आर्बस्क्यूल. स्फुरद इथेच हवाली होतो आणि बदल्यात साखर व स्निग्ध पदार्थ घेतले जातात.

आजची तुलना मला पहिल्यापासून हवी होती ती. सोयाबीन तिन्ही ठिकाणी, पण 'ख'मध्ये गव्हावर, 'ग'मध्ये हरभऱ्यावर आणि 'घ'मध्ये मोहरीवर. मोहरीच्या कुळातली पिकं या बुरशीला थाराच देत नाहीत. मोहरी उभी असते तेवढा काळ बुरशीच्या हिशेबी शेत पडीकच. वर तिच्या मुळांतल्या आणि कुजणाऱ्या अवशेषांतल्या ग्लुकोसिनोलेटपासून आयसोथायोसायनेट तयार होतात, ती काही बुरश्यांना मारक असतात.

'घ'मधल्या लहान रोपांच्या मुळांत निळं कमी होतं, हे जुलैअखेरीस घेतलेल्या तुकड्यांत स्पष्ट दिसतं. ऑगस्टच्या तुकड्यांत तो फरक जवळजवळ भरून निघाला. नांगरलेल्या जमिनीत मोहरीनंतरची तूट याहून मोठी निघाली असती असं मला वाटतं. इथे जुन्या मुळांतले धागे आणि मातीतलं जाळं तुटलेलं नाही, त्यामुळे नव्या मुळाला तयार जाळ्याला जोडून घेता येतं; नांगर ते जाळं दरवेळी तोडतो आणि बुरशीला बीजाणूपासून सुरुवात करावी लागते. पण नांगरलेला मोहरी-क्रम आमच्याकडे नाही, म्हणून हे निष्कर्षात लिहिणार नाही.

स्फुरद कमी असलेल्या जमिनीत सुरुवातीचे हे तीन-चार आठवडे पिकाला नडू शकतात. मोहरी वाईट ठरत नाही. तिच्यानंतर कोणतं पीक आणि मातीत स्फुरद किती, हे पाहून ती बसवायला हवी.

८ सप्टेंबर

सतत पाऊस. वाफसा नाही, नमुने पुढे ढकलले. ओल्या चिखलात ऑगर घातला की थर एकमेकांत सरकतात.

१९ ऑक्टोबर

दोन्ही पिकांची काढणी झाली. जाळीच्या नायलॉन पिशव्यांत मोजून अवशेष भरले आणि काही पृष्ठभागावर, काही १० सेंमी खोल ठेवल्या. ठरावीक काळाने एकेक काढून वजन करायचं.

अवशेषांत कर्ब-नत्राचं प्रमाण फार वेगळं असतं. गव्हाच्या काडात साधारण ८० ला १, मक्याच्या धाटांत ६० च्या आसपास, डाळवर्गीय पिकांच्या पानांत २० ते ३०. हे प्रमाण २५ च्या खूप वर गेलं की कुजवणारे जीव मातीतला नत्र स्वतःसाठी ओढतात आणि पिकाला काही काळ टंचाई पडते. नांगरून काड गाडलं तर सगळ्या बाजूंनी ओली माती लागते आणि जिवाणू कामाला लागतात. वर पडलेल्या काडाला मातीचा स्पर्श फक्त खालून. तिथे बुरशीचं पारडं जड, कारण तिचे धागे मातीतला नत्र वर काडात नेऊ शकतात. जिवाणूला तसं चालत जाता येत नाही.

फेरपालटीची एक बाजू इथे उघड दिसते. 'क'च्या प्लॉटमध्ये गेल्या गव्हाचं काड अजून बरंच शिल्लक आहे, त्यावर मक्याची धाटं आली, म्हणजे कठीण अन्नावर कठीण अन्न. 'ख' आणि 'ग'मध्ये मधे सोयाबीनची पानगळ येऊन बसते. ती लवकर कुजते आणि खालच्या जुन्या काडालाही नत्र पुरवते. थरांचं हे रचलेपण नांगरलेल्या शेतात नसतंच. विना-नांगरणीत पिकांचा क्रम काळात तर असतोच, तो जमिनीवर थरांत मांडलेलाही असतो, आणि सूक्ष्मजीव त्या मांडणीवर जगतात. या प्रकल्पातून मला एकच गोष्ट ठामपणे दाखवता आली तर ती ही असावी.

१६ नोव्हेंबर

गव्हाची पेरणी. आज वाचन गटात 'टेक-ऑल' रोगावर चर्चा झाली, ती इथे सविस्तर लिहितो. फेरपालट म्हणजे सगळं चांगलंच, असं गृहीत धरून काम करणाऱ्याने हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवायला हवं.

गव्हावर गहू घेत गेलं की पहिल्या काही वर्षांत मुळं काळी करणारा हा रोग वाढत जातो. मग एक-दोन तीव्र वर्षांनंतर, गहूच चालू ठेवला तरी, रोग आपोआप उतरतो आणि उतरलेलाच राहतो. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या ब्रॉडबॉक शेतावर १८४३ पासून गव्हाची चाचणी सुरू आहे. तिथल्या सलग गव्हाच्या पट्ट्यांतही रोगाचा हा उतार दिसला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात जेम्स कुक आणि डेव्हिड वेलर यांनी यामागचे जीव शोधले: गव्हाच्या मुळांवर वाढलेले स्यूडोमोनास जिवाणू, जे डायॲसिटिलफ्लोरोग्लुसिनॉल नावाचं प्रतिजैविक बनवतात. मुळाच्या दर ग्रॅममागे त्यांची संख्या साधारण १ लाखाच्या वर गेली की रोग दबतो.

म्हणजे एकच पीक घेत राहणंही माती घडवतं. रोगकारक बुरशी वाढते, तिच्या मागोमाग तिचा बंदोबस्त करणारे वाढतात. मधे दुसरं पीक घेतलं की बुरशी उपाशी मरते, पण तो बंदोबस्तही विरळ होतो. नंतर पुन्हा सलग गहू घेतला तर रोगाची चढण परत पहिल्यापासून. फेरपालट करायची तर ती चालू ठेवायला हवी. दोन वर्षं सोयाबीन, मग चार वर्षं नुसता गहू, असा क्रम दोन्हीकडून तोट्याचा.

विना-नांगरणीत याची धार वाढते, कारण रोगट अवशेष पृष्ठभागावर टिकून राहतात. मक्याच्या धाटांवर जगणारी फ्युजेरियम ग्रॅमिनेरम गव्हाच्या ओंबीवर येते. मक्यावर थेट गहू हा त्यासाठी सगळ्यात धोक्याचा क्रम. आमच्या 'क'मध्ये तोच आहे. ओंबी फुलोऱ्यात असताना तिथे रोज बघायचं.

११ डिसेंबर

पहिलं पाणी आणि युरिया दिल्यावर वायूचे चेंबर लावले. नायट्रस ऑक्साइड मोजायचा आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा, म्हणून फेरपालटीचे फायदे मोजताना त्याला बाजूला ठेवणं मला पटत नाही.

न नांगरलेला पृष्ठभाग घट्ट आणि ओलसर राहतो, सहज कुजणारा कर्ब तिथेच असतो, आणि पाणी दिल्यावर रव्यांच्या आत प्राणवायू संपतो. विनत्रीकरण करणाऱ्या, म्हणजे मातीतल्या नत्राचा वायू करणाऱ्या, जिवाणूंना यापेक्षा सोयीचं काही नाही. सोयाबीनवरच्या गव्हात पानगळीचा नत्रही भर घालतो. तिन्ही सोयाबीन-क्रमांत पाण्यानंतर वायूची उसळी आली, आणि ती 'क'पेक्षा उंच होती. 'क'मध्ये काडाने नत्र ओढून धरला असणार. युरिया दोन हप्त्यांत विभागून ओळीत खोल दिला तर ही उसळी किती बसते, ते पुढच्या हंगामात पाहायचं.

२८ डिसेंबर

गव्हाच्या मुळांभोवतीची माती घेतली. मूळ हलवून झटकलं की जी गळते ती बाहेरची. झटकल्यावरही चिकटून राहते ती मुळालगतची. दोन्ही वेगळ्या नळ्यांत.

बेवडाची वाट नुसत्या अवशेषांतून जात नाही. मका आणि गहू बेन्झॉक्साझिनॉइड नावाची संयुगं मुळांतून सोडतात. मक्याच्या या स्रावांनी बदललेली सूक्ष्मजीवांची वस्ती पुढच्या पिढीच्या मक्याची वाढ आणि किडीविरुद्धचा बचाव दोन्ही बदलते, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं. पीक निघून गेलं, संयुगं विघटित झाली, तरी वस्ती तशीच राहिली.

२५ जानेवारी २०२५

सिक्वेन्सिंगचे निकाल आले. ओळख पटवायला डीएनएचे ठरलेले तुकडे वाचले: जिवाणूंसाठी १६-एस, बुरशीसाठी आयटीएस. सांख्यिकी पाहणाऱ्या सहकाऱ्याबरोबर दिवसभर बसलो.

सगळ्यात मोठा फरक खोलीचा. त्याखालोखाल हंगामाचा: जूनची माती आणि डिसेंबरची माती यांत जेवढं अंतर, तेवढं दोन क्रमांत नाही. मग आज उभं असलेलं पीक. आणि मग बेवड. तो लहान आहे, पण चारही संचांत एकाच दिशेने आहे, आणि वरच्या थरातल्या बुरशीत सगळ्यात ठळक. १५ सेंमीच्या खाली तो दिसत नाही.

प्रजातींची संख्या क्रमाक्रमांत जवळजवळ सारखी. इथे कोणी निराश होऊ नये. चमचाभर मातीत हजारो प्रकारचे जिवाणू असतात. पीक बदलल्याने तो आकडा फारसा हलत नाही. हलते ती कोणाची किती चलती आहे ही गोष्ट. 'क'मध्ये काड कुजवणाऱ्या मोजक्या बुरश्यांनी जागा व्यापली आहे, त्यांत फ्युजेरियमही आहे. 'ग'मध्ये तीच नावं आहेत, पण कोणी एक वरचढ नाही. 'घ'मध्ये मायकोरायझाचे अनुक्रम अजूनही थोडे मागे.

दोन सावधगिऱ्या अहवालात ठळक लिहायच्या. एक, हे सगळे टक्के आहेत. एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा घटलेला दिसतोच, प्रत्यक्षात तो तेवढाच असला तरी. म्हणून प्रत्येक आलेखाशेजारी जूनसारखाच क्लोरोफॉर्मने मोजलेला एकूण भार द्यायचा. दोन, मातीतला सगळा डीएनए जिवंतांचा नसतो. २०१६ मधल्या एका कामात सरासरी ४० टक्के डीएनए मेलेल्या पेशींचा निघाला. विना-नांगरणीच्या शांत पडलेल्या मातीत जुन्या पिकाच्या काळातल्या मृत जिवाणूंचा डीएनए 'बेवडाचा परिणाम' म्हणून मोजला जाण्याचा धोका खरा आहे. वरच्या थराचे काही नमुने, बाहेर पडलेला डीएनए नष्ट करणारी प्रक्रिया करून, पुन्हा पाठवतो आहोत.

भाराच्या बाबतीत आमचा कल इतरांशी जुळतो. २०१४ मध्ये १२२ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात फेरपालटीने मातीतला एकूण कर्ब ३.६ टक्के वाढलेला दिसला, तर सूक्ष्मजीवांच्या शरीरातला कर्ब २०.७ टक्के. साठा हळू हलतो, जीव लवकर हलतात. नव्या क्रमाची पहिली खूण सूक्ष्मजीवांत शोधावी, सेंद्रिय कर्बात नव्हे.

२ मार्च

बीटा-ग्लुकोसिडेजच्या नळ्या. हे विकर सेल्युलोजच्या तुकड्यांतून ग्लुकोज सोडवतं. चाचणीत जितका पिवळा रंग गडद, तितकी क्रिया जास्त. वरच्या थराच्या नळ्यांची ओळ 'क'पासून 'ग'पर्यंत नजरेलाच गडद होत जाते. स्फुरद मोकळा करणाऱ्या फॉस्फेटेज विकरात तसा क्रम नाही.

१२ एप्रिल

गहू निघाला. ओंबीवरचा रोग 'क'मध्ये दिसला, बाकीच्या क्रमांत तुरळक. पृष्ठभागावरच्या पिशव्यांतलं मक्याचं धाट अजून ओळखू येतं. खोल ठेवलेल्या पिशव्यांत तंतूच उरले आहेत. डीएनएचे दुसऱ्यांदा पाठवलेले नमुने आले: मेलेला भाग काढून टाकल्यावर 'ख' आणि 'ग' यांच्यातलं अंतर कमी झालं, 'क' आणि बाकीचे यांच्यातलं टिकून राहिलं. सोयाबीनवरच्या गव्हात, त्या आधीचं पीक हरभरा होता की गहू, याची खूण असलीच तर फिकट आहे. मागचं पीक तृणधान्य होतं की डाळवर्गीय, याची खूण पक्की आहे. मोहरीची खूण जिवाणूंत जवळजवळ पुसली, बुरशीत राहिली.

जूनपासूनचे बदल ठरले. 'क'च्या प्रत्येक प्लॉटच्या एका कडेला मक्याच्या ओळींमध्ये चवळी पेरायची. मुख्य क्रम तोच ठेवून फक्त काडाच्या थरात मऊ अन्न मिसळलं तर त्या बुरश्यांचा वरचष्मा हटतो का, ते त्यातून कळेल. 'घ'मध्ये मोहरीनंतरच्या सोयाबीनला अर्ध्या भागात पेरणीबरोबर स्फुरद, अर्ध्या भागात नाही. मुळांचे तुकडे पहिल्या महिन्यात दर आठवड्याला. आणि ०-५ सेंमीचा थर आता ०-२ आणि २-५ असा दोन भागांत घ्यायचा. ऑगरने तो नीट निघत नाही, त्यासाठी पातळ पत्र्याची चौकट करायला दिली आहे.